ठोंबरेबाईंची काळजी

देवाशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा. खोटा निघाला तर जीभ झडो माझी!

तेव्हा यंत्रांना सगळं यायचं, फक्त घाबरता यायचं नाही. म्हणून देशाची वीज सांभाळायला वैजयंता ठोंबरे नेमली होती. हुद्दा जोखीम विश्लेषक, काम घाबरण्याचं. कपाळाला काळजी टिपणारी पट्टी बांधलेली. जिथल्या काळजीनं तिचं काळीज धडधडेल, तिथं यंत्र आपसूक राखीव वीज धाडायचं.

त्या दुपारी तिची लेक केतकी नवी स्कूटर घेऊन घाटातून निघाली होती. "पोचल्यावर फोन कर," असं दहादा बजावूनही फोन आला नव्हता.

"मॅडम, अहो, भरदुपारी घाटातले सगळे दिवे लागलेत!" कंट्रोल रूममधला मुजावर ओरडला. "इकडे धरण काठोकाठ भरलंय आणि दरवाजे उघडायला वीज नाही. जरा धरणाची काळजी करा की!"

"काळजी काय सांगून करता येते, मुजावर?"

शेवटी त्यानंच केतकीला फोन लावून दिला.

"अगं आई, पोचून तास झाला. भजी खातेय. विसरलेच बघ!"

वैजयंताचा जीव असा भांड्यात पडला, की घाटातले दिवे विझले आणि यंत्रही निवांत झालं. आता राखीव वीज कुठेच जाईना. पाणी मात्र चढतच होतं.

मुजावरनं डोकं खाजवलं. मग अगदी सहज म्हणाला, "पोरगी परत येणार ती धरणाच्या भिंतीवरच्या रस्त्यानंच ना, मॅडम?"

"अगं बाई!"

धडाधड सगळे दरवाजे उघडले.

आता भिंतीवरचा तो रस्ता म्हणजे तेवढी मुजावरची थाप हं. पण वैजयंताला सांगू नका. पाणी अजून उतरायचंय.