सिस्टरचं स्टूल

उकडलेल्या शेंगा. रिकामं स्टूल. भिंतीवर हिरवा दिवा.

हौसाबाई गावच्या आरोग्य उपकेंद्रात शिरताच भिंतीवरचं यंत्र म्हणालं, "आजी, कशाला आलात? तुमचा बीपी मला हातातल्या कड्यातून घरबसल्या कळतो."

"ठाऊक आहे. पण कुमुद सिस्टर हात धरायची. सुनेचं विचारायची."

"नव्या कायद्यात तपासणीला पैसे आहेत. हात धरायला नाहीत, म्हणून सिस्टरची जागा मला दिली."

"मग तू सुनेचं तरी विचार की, मेल्या."

यंत्राने विचारलं, "सून काय म्हणते?"

"बरी आहे." सवयीने आणलेल्या शेंगा हौसाबाईंनी स्टुलावर ठेवल्या आणि स्वतःचंच मनगट धरून त्या बसून राहिल्या.

कायदा मंजूर झाला त्या दिवशी कुमुद सिस्टरने प्रत्येकाचा हात धरून बीपी दोनदा तपासला होता.