शेवंताचा टाक

“बघा, ही तुमची शेवंता!” भागाबाईंच्या चुलीपाशी बसून विहीणबाईंनी जावयाच्या दुसऱ्या बायकोच्या गळ्यातला सोन्याचा टाक पदराबाहेर काढून दाखवला. “मेलेल्या सवतीनं छळू नये म्हणून हिच्या गळ्यात घातलाय.”

भाकरी थापता थापता भागाबाईंनी पाहिलं. इवल्याशा पत्र्यावर एक बाई हात जोडून, मान खाली घालून उभी. त्यांची लेक तर चिंचेच्या शेंड्यावर बसून शीळ घालायची, तव्यावरची पहिली भाकरी पळवायची. लग्नानंतर माहेरी आली की चुलीपाशीच ताट घेऊन बसायची. “आई, सगळ्यांच्या मागनं जेवून गरम भाकरी कशी लागते तेच विसरले गं,” म्हणायची. पुढं वाळून काडी झाली आणि गेली.

“आता रोज पहिला घास तिलाच दाखवतो,” विहीणबाई म्हणाल्या. “तिच्याआधी घरात कुणी जेवत नाही.”

भागाबाईंनी टम्म फुगलेली भाकरी उतरवून त्या पोरीपुढं ठेवली. पोरगी सासूकडं बघत तशीच बसली.

“खा गं बाई, गरम आहे तोवर. टाक झालीस की पहिला घास तुलाही देतील.”