भालचंद्ररावांची संमती

"वॉरंट आहे?" कुमुदिनीबाईंनी दारातच विचारलं.

"नाही काकू. तुम्ही नकार देऊ शकता," इन्स्पेक्टर म्हणाली.

"मग माझ्या पट्टीतल्या आठवणी मी दाखवणार नाही."

इन्स्पेक्टरने नकाराची नोंद केली. मोर्चानंतर फरार झालेला त्यांचा मुलगा निशिकांत तिला हवा होता. ती आत पलंगावर बसलेल्या त्यांच्या नवऱ्याकडे, भालचंद्ररावांकडे वळली. त्यांना विस्मरणाचा आजार होता. ते जे पाहत आणि ऐकत, ते सगळं त्यांच्याही कपाळावरची पट्टी साठवून ठेवायची.

"आजोबा, तुमची पट्टी बघू का?"

"बघा की! माझ्याकडे हल्ली कोण काय मागतंय?"

"अहो, त्यांना काही कळत नाही," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"संमती त्यांची आहे, काकू."

इन्स्पेक्टरच्या हातातल्या पडद्यावर मंगळवारची दुपार उमटली. निशिकांत वडिलांना मऊ भात भरवत होता आणि आपण देवरुखला मित्राकडे राहतो, असं सांगत होता. इन्स्पेक्टरने गावाचं नाव लिहून घेतलं आणि ती निघून गेली.

"कोण गं तो? किती मायेने भरवत होता," भालचंद्ररावांनी विचारलं.

कुमुदिनीबाईंना रडू आलं नाही. "आपला निशी," त्या म्हणाल्या.

"मग त्याला जेवायला बोलाव ना."

"हो," म्हणत त्यांनी उघडं राहिलेलं दार लावून घेतलं.