झोळ पडलेली शिरोरेषा

"रेघ मधेच खचलीये," सर्वेश म्हणाला.

रेघ खचली नव्हती, हेमांगीने ती खचवली होती. मानपाड्याच्या गादी कारखान्याच्या ऑफिसात तिचा भलाथोरला कागद भिंतीवर टाचलेला होता आणि त्यावर एकच शब्द होता, निवांत. नव्या गादीचं नाव. शिरोरेषेला जुन्या खाटेसारखा झोळ. 'नि'ची वेलांटी डोक्यावरून पांघरूण ओढावं तशी. 'व' पोट सोडून पडलेला, त्याचा अनुस्वार उशीत डोकं रुतावं तसा झोळात रुतलेला, आणि 'त'चा पाय पलंगाच्या कडेवरून खाली लोंबतोय. गणपती उठले तेव्हापासून ती रोज दुपारी वडिलांच्या वामकुक्षीसमोर कागद घेऊन बसायची. त्या एका झोपेतून तिने अ पासून ज्ञ पर्यंत अख्खा फॉन्ट काढला होता. खालचा फोन नंबर तेवढा साध्या, ताठ आकड्यांत ठेवला होता. नाहीतर गिऱ्हाईक नंबर पुरा वाचायच्या आत घोरायला लागलं असतं.

"शीळफाट्याचं होर्डिंग घेतलंय आपण," सर्वेश म्हणाला. "केवढं मोठं! लोकांना वाटेल, छपाईत गडबड झाली. सरळ करा ना ती रेघ."

"दोन मिनिटांत," सलिल म्हणाला. सलिल म्हणजे हेमांगीच्या कोलशेतच्या जाहिरात एजन्सीचा मालक. गिऱ्हाईक नुसतं वर बघायला लागलं की हा छत्री उघडणार. त्याने लॅपटॉपवर रेघ ओढून ताठ केली. सगळी अक्षरं प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखी सावधान झाली.

"हां, आता कसं प्रोफेशनल! हेच फायनल करून टाकू."

सर्वेशची आई गंगुबाई, कारखान्याची मालकीण, कोपऱ्यात बशीतून चहा पीत होती. हे फायनल झालं की आपली अक्षरं लॅपटॉपच्या तळाशी कायमची गाडली जाणार, हे हेमांगीला दिसत होतं. ती सरळ गंगुबाईकडे वळली.

"काकू, तुमच्याकडे गादी पास कशी करतात?"

"आनंदा झोपतो तिच्यावर. जेवून आला की आडवा होतो. घोरला तर ठप्पा. नाही घोरला तर गादी उसवायची आणि कापूस परत पिंजायचा. सर्वेशच्या आजोबांपासून तसंच आहे आमच्यात."

"मग अक्षरंपण तशीच पास करा."

सलिलने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. सर्वेश हसायला लागला. "अहो मॅडम, गादीवर झोपतात. अक्षरांवर कसा झोपेल माणूस?"

"बोलव रे आनंदाला," गंगुबाई म्हणाली.

आनंदा आला. झोपेच्या बाबतीत हा माणूस भारी चोखंदळ. एकदा शेजारच्या कारखान्याने फितवायचं म्हणून त्याला त्यांच्या गादीवर निजवलं, तर हा छपराच्या पत्र्याचे खिळे मोजून परत आला होता. त्याला लाकडी खुर्चीवर लॅपटॉपसमोर बसवलं. ताठ रेघेचा शब्द त्याने वाचला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाला, "सर्वेशशेठ, बरं झालं बोलवलंत. त्या कोपऱ्यातल्या मशीनची सुई परत तुटलीये. आणि मला पण चहा सांगा की."

"झोप येतेय का?" गंगुबाईने विचारलं.

"झोप? होती ती पण गेली."

हेमांगीने लॅपटॉप मिटला आणि आनंदाची खुर्ची भिंतीकडे फिरवली.

आनंदाने 'नि' वाचलं. 'वां'पाशी त्याचा जबडा सुटला. 'त'पर्यंत तो पोचलाच नाही. लाकडी खुर्चीवर बसल्या बसल्या असा घोरला, की ताटलीतले चमचे वाजायला लागले.

"तो जेवून आलाय, म्हणून..." सर्वेश म्हणाला. काहीतरी खोट काढावी म्हणून त्याने कागदाकडे नीट निरखून पाहिलं. तीच चूक झाली. वाक्याच्या मधेच त्याला जांभई आली, जांभईच्या मधेच झोप. "सर, दुसरं ऑप्शन आहे आपल्याकडे," असं म्हणत सलिल कागदाकडे बघत सावरायला पुढे झाला आणि लॅपटॉपलाच उशी करून पसरला.

पुढचं ज्याला पटेल त्याने घ्यावं. वरचा पंखा मंदावला. खिडकीतल्या कबुतराने पंखात चोच खुपसली. माल भरायचा का, म्हणून विचारायला आलेला टेम्पोवाला चावी हातात घेऊन चौकटीला टेकला तो टेकलाच. त्याने दार उघडं टाकलेलं, त्यातून कागद दिसला तशी बाहेर शिवणयंत्रांची खडखड एकेक करून थांबत गेली.

कागदाकडे पाठ करून उभी असलेली हेमांगी तेवढी जागी होती. सगळेच झोपले, तर हो कोण म्हणणार?

कोपऱ्यातली खुर्ची करकरली. गंगुबाई उठली.

"काकू, तुम्ही जाग्या?"

"मी मघाशीच चष्मा काढलाय," गंगुबाई हळू आवाजात म्हणाली. "मला कामं आहेत बाई."

तिने सर्वेशच्या मानेखाली नमुन्याची उशी सरकवली. आनंदाच्या खिशातून ठप्पा काढला, त्यावर तोंडाची वाफ दिली आणि भिंतीकडे न बघता, चाचपत, कागदाच्या कोपऱ्यात अलगद दाबला, कोणाची झोप मोडू नये इतका अलगद.

"तेवढं ते शीळफाट्याचं होर्डिंग मात्र रद्द करायला सांग हां पोरी," ती म्हणाली. "तिथं माणसं गाड्या चालवत असतात."