पूर्णविरामानंतर दोन जागा

“माणूस चेहऱ्यावरून ओळखायचाच नसतो,” विनीत म्हणाला. “मी त्याचे सगळे मेल वाचलेले. पूर्णविरामानंतर दोन जागा सोडतो तो. म्हणजे वयस्कर. स्पेलिंगं ब्रिटिश. सातोशी लंडनचाच!”

“हट्! तो एक माणूस नाहीच,” सोबत आलेला सिद्धेश म्हणाला. “टोळी आहे रे ती.”

सुधीररावांना हसावं की रडावं कळेना. बाळकुमच्या त्यांच्या घरात आज मुलगी बघण्याचा कार्यक्रम होता. डोंबिवलीचा विनीत मित्राला घेऊन आला, सोफ्यावर टेकला, आणि तेव्हापासून दोघांचं एकच दळण चालू होतं: बिटकॉइन काढणारा, ‘सातोशी’ या टोपणनावामागे लपलेला तो माणूस कोण? बरं, तो कळून या दोघांच्या पानात काय वाढलं जाणार होतं? पण नाही. तो झोपायचा कधी, हेसुद्धा विनीतला पाठ. बायकोच्या झोपेचा तरी हा पुढे इतका विचार करील का, असं सुधीररावांच्या मनात येऊन गेलं.

समोरच्या खुर्चीत त्यांची मुलगी संचिता बसली होती. तिची अट साधी होती. पोह्यांचा ट्रे घेऊन मिरवणार नाही, माणसासारखी समोर बसून बोलेन. म्हणून पोहे आणायचं काम सून प्राचीवर आलं. “ही आमची संचिता,” असं सुधीररावांनी सांगितलं, तेव्हा विनीत सिद्धेशला फोनवर कसलासा आलेख दाखवत होता. “हो हो,” म्हणाला तो, मान वर न करता.

एरवी सुधीररावांनी असल्या दीडशहाण्याला दोन मिनिटांत जिना दाखवला असता. पण संचिताला बत्तिसावं लागलं होतं. ‘हे स्थळ हातचं घालवू नका, तोंड आवरा,’ असं बायकोनं, नीलाताईंनी, सकाळपासून दहादा बजावलं होतं. म्हणून ते हसत बसले होते. हसून हसून गाल दुखायला लागले होते, आणि स्वतःचीच लाज वाटत होती.

प्राची पोहे घेऊन आली. गळ्यातलं मंगळसूत्र चांगलं ठसठशीत, साडीवर रुळत होतं. विनीतनं पहिल्यांदाच मान वर केली, छान हसला, “थँक्यू” म्हणाला. प्राची आत गेली, आणि तो लिंबू पिळत पुन्हा लंडनला पोचला.

“पण त्याला लपूनच राहायचं असेल तर?” संचितानं विचारलं. “कशाला त्याच्या मागे लागायचं?”

“ताई, तुम्हाला नाही कळायचं ते,” विनीत म्हणाला. “माणूस ओळखायला नजर लागते.”

ताई! सुधीररावांनी चमचा बशीत ठेवला. संचितानं बापाकडे पाहिलं. रागानं नाही. ‘तुम्ही म्हणाल तर हो म्हणते, बाबा,’ असं काहीतरी थकलेलं त्या नजरेत होतं, आणि ते त्यांना फार लागलं. ते उठणारच होते, पण स्वयंपाकघराच्या दारातून नीलाताईंनी डोळे वटारले. ते पुन्हा हसले.

बशा रिकाम्या झाल्या. सातोशीचा निकाल काही लागला नाही. प्राची बशा उचलून आत निघाली, तसा विनीत हात पुसत पुढे सरकून बसला.

“काका, मी स्पष्ट बोलतो हां. मला मुलगी पसंत आहे. शांत आहे, आपण बोलत असताना मध्ये मध्ये करत नाही. पोहे पण एक नंबर.”

आणि त्यानं पाठमोऱ्या प्राचीकडे बोट दाखवलं.

सिद्धेशची नजर प्राचीवरून संचितावर गेली. त्यानं विनीतला कोपरानं ढोसलं, पण उशीर झाला होता. नीलाताईंनी दारातच कपाळाला हात लावला. संचितानं ओढणीचा बोळा तोंडावर धरला होता आणि तिचे खांदे गदगदत होते. सुधीरराव घाबरले, मग त्यांना दिसलं, पोरगी हसत होती. इतक्या बघण्याच्या कार्यक्रमांत ती हसलेली त्यांनी आजवर पाहिली नव्हती. त्यांच्या छातीवरचं ओझंच उतरलं.

ते उठले. दोन्ही हात जोडले. आवाज सकाळपासून होता तसाच गोड ठेवला.

“वा, छान! तिच्या नवऱ्याला विचारून कळवतो.”