कोथिंबीर

"वनस्पती कधीही खोटं बोलत नाहीत!" विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत डॉक्टर सबनीसांनी जाहीर केलं.

"सर, त्या बोलतच नाहीत," हवालदार म्हणाले.

नदीत सापडलेल्या, चेहरा ओळखू न येणाऱ्या प्रेताच्या पोटातलं अन्न सबनीसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं, रसायनांनी पडताळलंही होतं. "यात शेपू आहे."

बेपत्ता शिरीषची आई चक्क हसली. "मग तो माझा नव्हेच! शेपूच्या वासानं ताटावरून उठायचा."

हवालदारांनीही हुश्श करून फाईल मिटली. सबनीसांना मात्र अहवाल शेवटपर्यंत वाचायची खोड. "शिवाय ज्वारी, हरभरा, धने. म्हणजे थालीपीठ."

आईचं हसू चेहऱ्यावरच राहून गेलं. "त्या सकाळी मीच थापलं. शेपू बारीक चिरला, त्याला कोथिंबीर म्हणून सांगितलं."

मग तिनं पदर सावरला. "साहेब, अहवालात कोथिंबीरच लिहा. त्याला कळायला नको."