विभावरीच्या दंडावरची पट्टी

पट्टी चिकटवताना विभावरी जराही हलली नाही, याचं रमणरावांना कोण कौतुक वाटलं. "बघ, मी नुसतं हात पुढे कर म्हटलं," ते लेकीला म्हणाले. "तुझं ऐकलं असतं का आईने?"

अनुयाने पट्टीची कड बोटाने दाबून बसवली. ऑकलंडच्या ज्या कंपनीत ती इंजिनियर होती, तिथेच ही पट्टी बनायची. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ, कातडीसारखी ताणली जाणारी. घाम, नाडी, अंगाचा ताठरपणा, सगळं तिला कळायचं. माणूस निवांत असला की टॅबलेटच्या पडद्यावरची रेघ हिरवी, घाबरला की लाल. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्यासाठीच ती केलेली.

विभावरीचं बोलणं जाऊन वर्ष होत आलं होतं. आधी माणसांची नावं गेली, मग वस्तूंची, मग सगळंच. आईला आता केअर होममध्ये ठेवू या, असं अनुया म्हणाली आणि रमणरावांचं डोकंच फिरलं. उभा जन्म एकत्र काढला, आणि आता परक्यांच्या हवाली करायची? ही पट्टीची टूमही मग त्यांनीच काढली. आठवडाभर लाव. मी नसलो की ती कशी घाबरीघुबरी होते, ते तुझं मशीनच सांगेल. तसं दिसलं तर केअर होमचं नाव पुन्हा काढायचं नाही, नाही दिसलं तर तू म्हणशील तसं. अनुया कबूल झाली.

खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता हो. ऑकलंडच्या ओटाहुहू उपनगरातल्या त्या दोन खोल्यांच्या युनिटमध्ये रोज उठून बायकोची वेणी घालायचा, मऊ भात कालवून भरवायचा. जरा शिस्तीचा, एवढंच. ते "पी" म्हणायच्या आत विभावरीने कप तोंडाला लावलेला असे. टीव्ही लावला की शेजारी बसून राही, हात मांडीवर, तोंडातून चकार शब्द नाही. डोकं गेलं पण वळण गेलं नाही, असं ते पुण्याला भावाला फोनवर सांगत. इतक्या वर्षांत आमच्यात भांडण म्हणून झालं नाही, तिने कधी उलटून उत्तर दिलं नाही, अशी बायको मिळायला नशीब लागतं. तिच्यावाचून आपण कसे जगणार, हा विचार आला की त्यांना घास उतरत नसे.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ते तेवढे भाजी आणायला बाहेर पडत. तेव्हा सीना नावाची एक सामोअन बाई विभावरीपाशी बसायची आणि ते कधी गेले, कधी आले, ते वहीत टिपून ठेवायची. रमणरावांना ती मुळीच पटत नसे. परत येऊन बघावं तर घरभर वाटाणे सांडलेले, विभावरीचे केस मोकळे, शाल भलतीकडेच. एकदा तर दाराबाहेरून कुणीतरी गुणगुणताना ऐकू आलं. ते आत शिरले आणि गाणं थांबलं. बाईला काही धरबंध नाही, त्यांनी अनुयाकडे तक्रार केली. सीनाला विचारलं तर ती हसून म्हणे, "स्वीट ॲज, मिस्टर रमण," म्हणजे सगळं झकास.

रविवारी अनुयाने पट्टी काढली आणि टॅबलेट घेऊन स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा रडलेली दिसत होती.

रमणरावांनी मनाशी ताडलं. आपण भाजीला गेलो तेवढ्यात बिचारीचा जीव किती घाबरा झाला असेल! "यापुढे भाजी तूच आणत जा," ते म्हणाले. "मी तिला सोडून कुठे जायचा नाही."

"बाबा, केअर होमचं नक्की करू या."

"आपलं काय ठरलं होतं?"

"जे ठरलं होतं तेच करतेय."

"दाखव मला."

"नका बघू, बाबा."

त्यांनी हात पुढे केला. त्या घरात त्यांनी हात पुढे केला की वस्तू हातात पडत असे. अनुयाने टॅबलेट दिला.

सोमवारपासून रविवारपर्यंत रेघ लाल होती. मधे दोनच हिरवे तुकडे, एक मंगळवारी सकाळी, एक शुक्रवारी. रमणरावांनी ते पुन्हा पुन्हा पाहिले. शुक्रवारचा हिरवा एका जागी अचानक तुटून लाल झाला होता. तिथे त्यांनी बोट ठेवलं.

"इथे काय झालं? त्या सीनाने काही केलं का हिला?"

"नाही, बाबा," अनुया म्हणाली. "तुमची गाडी ड्राइव्हवेत वळली."